कंठाखाली सोनं : हमिंगबर्डचा छाप हाताने कसा रंगवावा

पंख्याचं बटण बंद करा. सगळ्यात आधी तेच सांगते, कारण माझा पहिला सोन्याचा वर्ख पंख्याने नेला. खोलीभर शोधला. तासाभराने स्वयंपाकघरात निवडायला ठेवलेल्या कोथिंबिरीच्या जुडीला चिकटलेला सापडला. सुनेने विचारलं, आज भाजीत सोनं घालायचंय का? तेव्हापासून वर्खाचं काम असलं की पंखा बंद, खिडकी बंद, आणि पान उचलताना श्वाससुद्धा नाकातून हळू.

माझ्याबद्दल थोडं. वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, मिरजेत फोटो स्टुडिओ होता. १९६८ साली, मी चौदा वर्षांची असताना, त्यांनी मला काळेपांढरे फोटो रंगवायला बसवलं. पारदर्शक तेलरंगांच्या बारक्या ट्यूबा, बांबूच्या काडीला गुंडाळलेला कापूस, एक शून्य नंबरचा ब्रश, एवढंच सामान. नवरीच्या गालावर गुलाबी, शालूवर हिरवा, दागिन्यांवर पिवळा. रंग लावून झाला की आप्पा मागून ओरडायचे, ‘पूस! अजून पूस!’ फोटोतला उजेड खालून आला पाहिजे, वरून थापलेल्या रंगाने चेहरा मेल्यासारखा दिसतो, हे त्यांचं म्हणणं. रंगीत फिल्म आली आणि हे काम गेलं. काड्या मात्र मी टाकल्या नाहीत.

मग बऱ्याच वर्षांनी लंडनला मुलाकडे गेले असताना जुन्या छापांच्या एका दुकानात शिरले. दुकानदाराने एक चौकट भिंतीवरून काढली, खिडकीकडे तिरकी केली, आणि कागदावरच्या अंगठ्याएवढ्या पक्ष्याचा गळा पेटला. सरळ धरला की तपकिरी, कलवला की निखारा. मी चष्मा काढून नाक टेकवलं. रंगाच्या खाली सोनं होतं. वर जे होतं ते माझ्या ओळखीचं निघालं : पातळ, पारदर्शक, पुसून पुसून आणलेला रंग.

तो छाप इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गुल्डच्या हमिंगबर्डवरच्या ग्रंथातला होता. १८४९ ते १८६१ अशी बारा वर्षं तो हप्त्याहप्त्याने निघाला. पाच खंड, ३६० पानभर चित्रं. पुढे पुरवणी निघाली, ती गुल्ड १८८१ मध्ये वारल्यावर रिचर्ड बाउडलर शार्प यांनी १८८७ मध्ये पुरी केली. गुल्ड मुळात पक्ष्यांत पेंढा भरणारा. तो कच्ची रेखाटनं करायचा. दगडावर चित्र उतरवायचं काम मुख्यतः हेन्री कॉन्स्टंटाइन रिख्टरचं. रंग भरणारे वेगळेच, गॅब्रिएल बेफील्डच्या हाताखालचे कारागीर. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. आमच्या स्टुडिओतल्या फोटोखाली तरी कुठे माझं नाव होतं!

हा सगळा शिळाछाप. आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग काढलं, त्याच सुमारास लंडनमध्ये गुल्डची बायको एलिझाबेथ हिमालयातले पक्षी दगडावर रेखत होती. ती १८४१ मध्येच गेली, म्हणून हमिंगबर्डच्या ग्रंथात तिचा हात नाही. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की दगडावरून कागदावर फक्त काळी-करडी रेघ आणि छाया यायची. बाकी प्रत्येक प्रतीवरचा प्रत्येक रंग माणसाच्या हाताचा.

सोनं का, तेही सांगते, नाहीतर पुढची खटपट कळणार नाही. हमिंगबर्डच्या, म्हणजे विश्वकोशातल्या गुंजन पक्ष्याच्या, गळ्यावरचा लाल हा लाल रंग नसतोच. पिसाच्या बारीक तंतूंत मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याच्या चपट्या चकत्या थरावर थर रचलेल्या असतात आणि त्यांच्या पोटात हवेचे बुडबुडे असतात. उजेड त्या थरांवरून परततो आणि त्यातून रंग उठतो, साबणाच्या फुग्यावर उठतो तसा. पीस खलात कुटलं तर हाती काळपट पूड येईल. म्हणून कोन बदलला की रंग बदलतो, आणि उजेडाकडे पाठ केली की तोच गळा काळा दिसतो. असल्या गोष्टीला ट्यूबमधला रंग काय पुरणार! रंगाखालून उजेड परत फेकणारं काहीतरी हवं. गुल्डने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात आपली रीत मांडली ती हीच : तयार केलेल्या कागदावर शुद्ध सोन्याचा वर्ख, आणि त्यावर पारदर्शक तेलरंग नि वार्निशचे रंग. गंमत म्हणजे तोवर त्याने जिवंत हमिंगबर्ड पाहिलाच नव्हता. तो योग १८५७ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला आला. वाळलेल्या कातड्या खिडकीशी धरून, फिरवून फिरवून त्याने रंग ओळखला होता. तुम्हीही ही सवय लावून घ्या.

आता कामाला लागू.

छाप तयार करणं

गुल्डचा ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट पाहायला मिळतो. पहिल्यांदा ‘क्रायसोलॅम्पिस’ या पक्ष्याचं चित्र घ्या. इंग्रजीत याला रूबी-टोपाझ म्हणतात, म्हणून मी माणिक-पुष्कराज म्हणते. डोकं माणकासारखं लाल, गळा सोनेरी-नारिंगी, शेपूट तांबूस आणि टोकाला काळी. दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेला, पूर्व ब्राझीलमध्ये आणि त्रिनिदादला हा असतो. नवशिक्याला हाच सोपा, कारण दोन्ही झळाळ्या उबदार रंगाच्या आहेत आणि सोन्याशी त्यांचं पटतं.

चित्रातला रंग संगणकावर काढून टाका आणि उरलेली करडी रेघ इतकी फिकी करा की एच पेन्सिलीने काढल्यासारखी वाटेल. गडद ठेवलीत तर ती पुढे रंगातून वर येते. मूळ पान साधारण ५५ सेंटीमीटर उंच. ते ए-थ्री कागदात बसवायला गेलात की गळा तुरीच्या डाळीएवढा होतो आणि त्यावर वर्ख लावताना डोळे जातात. गुल्डचे पक्षी खऱ्या आकाराचे असत, तो आकार सोडू नका. पूर्ण पानाऐवजी एकच पक्षी आणि एक फांदी कापून घ्या, पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत आठ-नऊ सेंटीमीटर.

कागद ३०० जीएसएमचा, सुती, गुळगुळीत पाठीचा. दुकानात ‘हॉट-प्रेस’ म्हणून मागा. आपला हातकागद मला फार आवडतो, पण त्याच्या खरबरीतपणावर पिसं बसत नाहीत. छपाई पिगमेंट शाईच्या यंत्रावर करून घ्या. दुकानदार ‘सगळं सारखंच असतं’ म्हणेल. ऐकू नका. एका कोपऱ्यावर ओलं बोट घासा. शाई पसरली तर तो कागद नातवंडांना द्या.

एकाच वेळी निदान चार प्रती काढा. चारांतली एक बिघडणारच आहे.

आधी पाणी, मग सोनं, शेवटी तेल

हा क्रम मोडायचा नाही. पाण्याचे रंग तेलावर बसत नाहीत, आणि वर्खाखालचा डिंक नंतर ओला झाला तर पापुद्रा सुटतो.

जलरंगाचं काम लवकर उरकतं. पाठीला काळपट तपकिरी, पोटाला जरा फिकी, पंखांना अगदी पातळ तपकिरी हात, शेपटीला बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरीत थोडा नारिंगी. प्रत्येक थर वाळू द्या. पानाफुलांवर मी वेळ घालवत नाही. खुद्द गुल्डच्या ग्रंथातली बरीच फुलं ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’मधल्या चित्रांवरून घेतलेली आहेत, मग आपण कशाला जीव काढा. डोळ्यातला पांढरा ठिपका मात्र कागदाचाच राखा. नंतर पांढरा रंग लावून आणलेला ठिपका काचेच्या गोटीसारखा दिसतो, हे मी शेकडो नवऱ्यामुलांच्या फोटोंवर शिकले आहे.

डोकं आणि गळा या दोन जागा कोऱ्या ठेवा. तिथे बाभळीचा डिंक लावायचा. खडे रात्रभर भिजत घालून सकाळी मलमलीतून गाळायचा, मधाचा एक थेंब टाकायचा म्हणजे वाळल्यावर तडकत नाही. पातळ दोन हात. याने कागदाची छिद्रं बुजतात. वाळल्यावर त्यावर वर्खाचं तयार साइझ, म्हणजे वर्ख धरून ठेवणारा चिकट द्रव, लावा, कलासाहित्याच्या दुकानात पाण्यातलं मिळतं. पंधरा-वीस मिनिटांनी बोटाच्या पेराने हळूच टेकून बघा. ओलं लागलं तर थांबा. बोट जरासं धरून ‘टक’ असं सुटलं की वेळ झाली.

वर्ख खऱ्या सोन्याचा घ्या. मिठाईवरचा चांदीचा वर्ख काळा पडतो. पितळेचा, ज्याला दुकानात ‘इमिटेशन’ म्हणतात, तोही काही वर्षांत करपतो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेला सोनं लागतं किती? एका पानात बरेच पक्षी निघतात. पातळ कागदाला हलका चिकटवलेला वर्ख मिळतो, सुरुवातीला तोच बरा. कात्रीने कागदासकट तुकडा कापा, जागेवर उपडा ठेवा, वरून बटर पेपर ठेवून बोटाने दाबा, उचला. कुठे भेग राहिली तर छोटा तुकडा परत. कडेचं जास्तीचं सोनं मऊ कोरड्या ब्रशने झटकून एका डबीत गोळा करा. आता त्याला चोवीस तास हात लावायचा नाही. सोनारासारखं घासून चकाकी आणायचा मोह होतो, पण या साइझवरचं सोनं घासलं की निघून येतं.

हे काम पावसाळ्यात करू नका. जुलैत मी लावलेला डिंक आठवडाभर चिकटच राहिला आणि वर एक मुंगी बसली ती बसलीच. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

आता तेलरंग, म्हणजे खरी मजा. ट्यूबवर एक छोटा चौकोन छापलेला असतो. चौकोन रिकामा असेल तर रंग पारदर्शक, पूर्ण भरलेला असेल तर अपारदर्शक. कॅडमियमचा लाल कितीही सुंदर असो, तो भरलेल्या चौकोनाचा. सोन्यावर लावलात तर सोनं पुरलंत म्हणून समजा. डोक्याला क्विनाक्रिडोन नावाचा पारदर्शक लाल, गळ्याला पारदर्शक पिवळ्यात त्याच लालचा कणभर.

त्या काळच्या कारागिरांच्या हाताशी हे रंग नव्हते. किरमिजी यायचा तो कोचिनील किड्यांपासून, आणि ते किडे अमेरिकेतल्या निवडुंगांवरचे, म्हणजे या पक्ष्यांच्याच मुलखातले. गॅम्बोज नावाचा पिवळा कंबोडियाकडच्या एका झाडाचा चीक, आणि ते झाड आपल्या रातांब्याच्या भाऊबंदांपैकी. तो चीक जबरदस्त रेचक आहे, तेव्हा ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायची सवय असलेल्यांनी जरा जपून. मला होती. आप्पांनी चापट मारून घालवली.

मुगाएवढा रंग, त्यात तेवढंच अल्किड ग्लेझिंग मीडियम, टर्पेंटाइनचा एक थेंब. ब्रशने सोन्यावर पसरा, मग बांबूच्या काडीला कापूस घट्ट गुंडाळून पुसा. वाटतं सगळाच गेला. गेलेला नसतो. कागद कलवून बघा, सोनं लाल होऊन वर आलेलं दिसेल. पहिल्या हातात एवढंच पुरे. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, तितकाच पातळ. तीन हातांवर मी कधी जात नाही. चौथ्याला गळा विझतो.

तेल सोन्याच्या बाहेर कागदावर जाऊ देऊ नका. माझ्या दुसऱ्या पक्ष्याच्या गळ्याभोवती, भज्यांच्या कागदावर उमटतो तसा, तेलकट डाग पसरला. महिन्याभरात तो आणखी रुंद झाला. उपाय नाही, प्रत गेली. आता मी कडेला अर्धा मिलिमीटर सोनं तसंच कोरं ठेवते आणि शेवटी डिंकाचा थेंब घातलेल्या काळपट पोस्टर कलरने बारीक पिसांचे फटकारे मारून ती कड झाकते.

खवले

ग्लेझ, म्हणजे सोन्यावरचा तो पारदर्शक हात, पुरतं वाळलं की गळा चमकतो खरा, पण पिसांचा वाटत नाही, पत्र्याचा वाटतो. गुल्डच्या छापाची भिंगातून खरी परीक्षा इथे होते. गळ्यावरची पिसं मंगलोरी कौलांसारखी बसलेली असतात : वरची ओळ खालच्या ओळीवर चढलेली, चोचीशी अगदी बारकी आणि छातीकडे मोठी होत गेलेली. प्रत्येक कौलाच्या मोकळ्या कडेखाली छाया पडते, ती तेवढी काढायची. लालात थोडा गडद तपकिरी मिसळून शून्य नंबरच्या ब्रशने चंद्रकोरी काढत जा, चोचीकडून छातीकडे. ओळी एकमेकींच्या मध्ये आल्या पाहिजेत, एकाखाली एक नकोत. कोर जाड झाली तर ओल्या कापसाने नाही, टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेल्या कापसाने टिपा. खालचं ग्लेझ कच्चं असेल तर तेही उठतं, म्हणून घाई नको. मी दोन दिवस थांबते.

मग उजेडाची एक बाजू ठरवा. उजेडाच्या विरुद्ध बाजूचा साधारण तिसरा भाग जवळजवळ काळा करा. इथे सगळे कचरतात. एवढं सोनं लावलं ते झाकायचं? झाका. खऱ्या पक्ष्याचा गळा एका बाजूने काळाच दिसतो, आणि त्या काळ्याशेजारचं माणिक दुप्पट पेटतं. माझ्या पहिल्या सहा पक्ष्यांत मी हे केलं नव्हतं. ते सहाही लग्नातल्या बिल्ल्यांसारखे दिसतात.

माणिक-पुष्कराज जमला की लोक लगेच निळ्या-जांभळ्या गळ्याच्या पक्ष्याकडे वळतात आणि फसतात. सोनं पिवळं, त्यावर पारदर्शक निळा चढवला की हिरवा होणार. पाचूसारखा हिरवा हवा असेल तर उत्तमच, पण जांभळा त्यातून येत नाही. जांभळ्यासाठी मी ॲल्युमिनियमचा वर्ख वापरते. तो काळा पडत नाही आणि निळ्याला निळा राहू देतो. हीच युक्ती अंगणातल्या शिंजिरालाही चालते. बऱ्याच जणांना तोच हमिंगबर्ड वाटतो. पण हमिंगबर्ड अमेरिका खंडांपलीकडे कुठेच नाहीत, आणि शिंजिराचं कूळ वेगळं. झळाळीचं गणित मात्र थरांचंच.

चार प्रती असतील तर एक प्रत पूर्ण करून मग दुसरी, असं करू नका. जुन्या कारखान्यांत एक रंगवलेली नमुना प्रत समोर ठेवून कारागीर तोच रंग सगळ्या प्रतींवर लावत जायचे. आम्हीही लग्नसराईत सगळ्या फोटोंचे आधी गाल, मग ओठ, मग शालू असंच करायचो. हात एकदा त्या रंगात बसला की तिसऱ्या प्रतीपासून बरं यायला लागतं. पहिल्या दोन नातेवाइकांना.

जुना छाप हाती आला तर

एक विनंती. कुणाच्या घरी, रद्दीत, परदेशातल्या जुन्या बाजारात असा बिनरंगाचा खरा छाप सापडला तर तो रंगवायला घेऊ नका. मागाहून भरलेल्या रंगाने त्याची किंमत आणि अब्रू दोन्ही जातात. आपला उद्योग आपल्या कागदावर.

आणि रंगीत सापडला तर आधी दहापट भिंग लावा. आपल्या आजीच्या देवघरातलं रविवर्मा प्रेसचं लक्ष्मीचं चित्र आठवा. तेही दगडावरचं, पण तिथे प्रत्येक रंगाचा वेगळा दगड होता, म्हणून भिंगातून रंगीत ठिपक्यांची दाटी दिसते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेलचं हमिंगबर्डांचं गाजलेलं चित्र, १९०४ च्या संग्रहातलं, तेही असंच छापील रंगांचं. हाताने रंगवलेल्या छापात रंगाखाली काळी रेघ सलग दिसते, रंग कुठेतरी रेघेबाहेर केसभर गेलेला असतो, एखाद्या कडेला पाणी साचून गडद झालेलं असतं. आजकालच्या ऑफसेट नकलेत मात्र सगळीकडे एकसारखी ठिपक्यांची जाळी असते, आणि तिच्या गळ्याचं ‘सोनं’ कलवलं तरी हलत नाही.

चौकटीत लावताना काच चित्राला टेकता कामा नये. मधे जाड माउंटची, म्हणजे पुठ्ठ्याची, पट्टी घाला, नाहीतर ग्लेझ काचेला चिकटतं. भिंत बाहेरची, ओल येणारी नको. ऊन थेट नको. चित्र खिडकीच्या समोर नाही, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावा, म्हणजे माणूस चालत पुढे गेला की गळा पेटेल आणि विझेल. मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा प्रयत्न मी सोडून दिला. फोटोत तो तपकिरीच येतो आणि बहीण विचारते, चिमणी काढलीस का?

चौकट बंद करण्याआधी मागे पेन्सिलीने लिहा : गुल्डच्या कोणत्या चित्रावरून केला, कुठला वर्ख, कुठले रंग, तुमचं नाव आणि तारीख. शाईने नको, ती पुढे उमटते.